शुद्धिहरण यंत्र

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची शुद्ध हरपावी, त्यास वेदना जाणवू नयेत आणि तरीही त्याचे श्वसन व रुधिराभिसरण अबाधित राहावे, यासाठी ऑक्सिजन आणि शुद्धिहारक वायू वा बाष्प यांचे ठराविक प्रमाणातील मिश्रण तयार करून ते रुग्णाच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचविणाऱ्या साधनास शुद्धिहरण यंत्र म्हणतात. व्यवहारात ते ‘भुलीचे यंत्र’ म्हणून ओळखले जाते. भारतातील रुग्णालयांत अनेक दशके या यंत्रास, ते कोणत्याही बनावटीचे असले तरी, ‘बॉइल’ असेच म्हटले जात असे.

कोणत्याही शुद्धिहरण यंत्राचे चार प्रमुख भाग असतात : (१) संपीडित (दाबाखाली साठविलेल्या) वायूंचा पुरवठा आणि त्यांचा दाब कमी करणारे दाबनियंत्रक, (२) प्रत्येक वायू किती वाहत आहे हे दाखविणारे प्रवाहमापक, (३) द्रवरूप शुद्धिहारकाचे मोजक्या प्रमाणात बाष्प करणारा बाष्पीकारक, आणि (४) हे मिश्रण रुग्णास देणारे व उच्छ्वास बाहेर नेणारे श्वसन मंडल. यांखेरीज कृत्रिम श्वसनयंत्र, संकटसूचक आणि मापनसाधने ही आधुनिक यंत्राची अविभाज्य अंगे झाली आहेत. या भागांची आजची रचना एकाच वेळी कोणी योजिलेली नाही. ‘औषधाची मात्रा नेमकी किती?’ आणि ‘रुग्णास ऑक्सिजन खात्रीने मिळतो आहे काय?’ या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना, पुष्कळदा एखाद्या मृत्यूनंतर, ती टप्प्याटप्प्याने घडत गेली.

प्रारंभीची साधने : १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम टॉमस ग्रीन मॉर्टन (१८१९–६८) या दंतवैद्यांनी ईथराचा जाहीर प्रयोग यशस्वी करून दाखविला. त्यांचे साधन म्हणजे ईथराने भिजविलेला स्पंज ठेवलेला काचेचा गोल व त्यास जोडलेली तोंडात धरावयाची नळी एवढेच होते. रुग्णाच्या श्वासाबरोबर किती ईथर आत जाते, हे जाणण्याचा कोणताही मार्ग त्यात नव्हता.

ही उणीव इंग्लंडमधील वैद्य जॉन स्नो (१८१३–५८) यांनी ओळखली. द्रवाचे बाष्पीभवन होताना द्रव थंड होत जातो आणि थंड द्रवापासून कमी बाष्प मिळते. त्यामुळे आरंभी जास्त व नंतर अपुरी अशी मात्रा रुग्णास मिळते. स्नो यांनी निरनिराळ्या तापमानांस हवेत ईथराचे बाष्प किती मावते यांची कोष्टके तयार केली आणि १८४७ मध्ये पाण्याच्या पात्रात बसविलेले धातूचे श्वसनसाधन बनविले. पाण्यामुळे ईथराचे तापमान जवळजवळ स्थिर राहत असे. मात्रा ही अंदाजाची नव्हे, तर भौतिकीच्या नियमांनी ठरणारी बाब आहे हा विचार यंत्ररचनेत प्रथम येथे आला.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोचे जेम्स यंग सिम्पसन (१८११–७०) यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. ते रुमालावर टाकून हुंगविता येत असल्याने यंत्राची गरजच नाही, असे अनेकांस वाटले. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची एक मुलगी काही मिनिटांतच मृत्यू पावली. सामान्य तापमानास क्लोरोफॉर्माचे संपृक्त बाष्प हवेत सु. २० टक्क्यांपर्यंत असू शकते, तर स्नो यांच्या मते ४ ते ५ टक्के एवढेच सुरक्षित होते. रुमाल ही मर्यादा पाळू शकत नाही. जोसेफ क्लोव्हर (१८२५–८२) यांनी १८६२ मध्ये यावर सरळ उपाय काढला. मोजून टाकलेले क्लोरोफॉर्म आणि भात्याने मोजून भरलेली हवा यांचे सु. ४·५ टक्क्यांचे मिश्रण एका मोठ्या पिशवीत आधीच तयार करून ती पिशवी वैद्याच्या पाठीवर टांगली जाई.

हैदराबाद येथील प्रयोग : क्लोरोफॉर्माने होणारे मृत्यू श्वसन थांबल्याने होतात की हृदय थांबल्याने, या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय भारतात घडला. हैदराबाद संस्थानातील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन चौकशी मंडळे नेमण्यात आली आणि त्यांचा खर्च निजाम सरकारने सोसला. दुसऱ्या मंडळाच्या कामात लंडनचे टॉमस लॉडर ब्रंटन हे सहभागी झाले होते. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांनंतर, श्वसन हेच प्रथम थांबते, तेव्हा नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. लॉरी यांच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी या भारतीय महिलेने क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. त्यांची गणना जगातील पहिल्या महिला शुद्धिहरणतज्ज्ञांत करतात.

हैदराबादचा निष्कर्ष मात्र पुढे अपुरा ठरला. क्लोरोफॉर्माची भूल हलकी असताना हृदयाच्या निलयांचे (खालच्या कप्प्यांचे) तंतुकंपन होऊन एकाएकी मृत्यू येऊ शकतो, असे ए. गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. दरम्यान ऑगस्टस व्हर्नन हारकोर्ट यांनी २ टक्क्यांपेक्षा अधिक क्लोरोफॉर्म देऊच न शकणारे श्वसनसाधन तयार केले होते. वापरणाऱ्याने सावध राहावे एवढ्यावर न थांबता घातक मात्रा देणे साधनालाच अशक्य करावे, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे दिसते. आधुनिक यंत्राच्या रचनेचा पाया हेच तत्त्व आहे.

संपीडित वायू आणि बॉइल यंत्र : नायट्रस ऑक्साइड हा वायू वेदनाशामक असल्याचे हंफ्री डेव्ही यांनी १८०० मध्ये नोंदविले होते. १८४४ मध्ये हॉरेस वेल्स यांनी दंतवैद्यकात त्याचा वापर केला. तो शुद्ध स्वरूपात दिल्यास भूल चढते. परंतु तीत गुदमरण्याचाही वाटा असतो. १८६८ मध्ये शिकागोचे एडमंड अँड्रूझ यांनी त्यात ऑक्सिजन मिसळण्याची शिफारस केली. याच सुमारास नायट्रस ऑक्साइड द्रवरूपात सिलिंडरमध्ये भरून मिळू लागला. दोन्ही वायू ठराविक प्रमाणात देणारे साधन लंडनचे फ्रेडरिक ह्यूइट (१८५७–१९१६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तयार केले.

जर्मनीतील ल्यूबेक येथे वैद्य ओटो रोट व कारखानदार हाइन्‍रिख ड्रेगर यांनी १९०२ मध्ये सिलिंडरमधील ऑक्सिजनाच्या प्रवाहात ईथर व क्लोरोफॉर्म मोजून थेंबाथेंबाने सोडणारे यंत्र पुढे आणले. विश्वासार्ह दाबनियंत्रक झडपेमुळे हे शक्य झाले. १९१२ च्या सुमारास बॉस्टनमध्ये कॉटन व बूथबी यांनी वायू पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने सोडून त्यांच्या संख्येवरून प्रवाह अजमावण्याची युक्ती वापरली. न्यूयॉर्कचे जेम्स टेलो ग्वाथमी (१८६२–१९४४) यांच्या यंत्रातही ती होती. ते यंत्र पाहून लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील हेन्‍री एडमंड गॅस्किन बॉइल (१८७५–१९४१) यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, आपले यंत्र तयार करविले. १९२० मध्ये त्यास ईथराची काचेची बाटली जोडण्यात आली.

बॉइल यंत्र पुढील काळात सतत सुधारत गेले. १९३७ मध्ये त्यास घूर्णी प्रवाहमापक बसविण्यात आले. वर रुंद होत जाणाऱ्या काचेच्या उभ्या नळीत एक हलका तरंगक असतो. वायू खालून वर वाहू लागला की तरंगक उचलला जातो व ज्या उंचीवर तो स्थिरावतो तेथील अंक प्रवाह दर्शवितो. तरंगकाच्या कडेवर तिरप्या खाचा असल्याने तो फिरत राहतो. तो फिरेनासा झाला, तर अडकला आहे हे पाहताक्षणी कळते. या प्रकारचा प्रवाहमापक शुद्धिहरणासाठी १९१० मध्येच जर्मनीत माक्सिमिलिआन नॉय यांनी वापरला होता. परंतु त्याचा प्रसार होण्यास पाव शतक लागले. बॉइल यंत्र ब्रिटिश साम्राज्यातील देशांत सर्वत्र पसरले व पुढे भारतातही तयार होऊ लागले.

श्वसन मंडल : उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड पुन्हा फुप्फुसांत गेल्यास अपाय होतो. तो टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ताज्या वायूचा प्रवाह पुरेसा मोठा ठेवून उच्छ्वास बाहेर लोटून देणे. आयव्हन मॅगिल (१८८८–१९८६) यांची जोडणी या प्रकारची आहे. अशा मंडलांत पिशवी, झडप व ताज्या वायूचा प्रवेश यांच्या जागा बदलल्यास कार्यक्षमता कशी बदलते, याचे विश्लेषण विल्यम मेपलसन यांनी १९५४ मध्ये केले व त्यांचे ‘अ’ पासून ‘इ’ पर्यंत पाच प्रकार मानले.

दुसरा मार्ग कार्बन डाय-ऑक्साइड रासायनिक रीतीने शोषून घेऊन उरलेले मिश्रण पुन्हा वापरण्याचा होय. अमेरिकेतील राल्फ वॉटर्स (१८८३–१९७९) यांनी १९२४ मध्ये यासाठी सोडा-चुन्याचा डबा वापरात आणला व १९३० मध्ये ब्रायन सोर्ड यांनी दोन एकमार्गी झडपा असलेले वर्तुळाकार मंडल रचले. सोडा-चुना हा मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइडाचा असून त्यात थोडे सोडियम हायड्रॉक्साइड असते. त्याची शोषणशक्ती संपत आल्याचे त्यात मिसळलेल्या दर्शक रंगद्रव्यावरून कळते. वॉटर्स यांच्याच प्रयत्नांनी सायक्लोप्रोपेन हा महाग वायू प्रचारात आला, त्यामुळे बंद मंडलाची उपयुक्तता वाढली. तो वायू स्फोटक असल्याने स्थिर विद्युत् साठू न देणारे काळे रबर व संवाहक फरशी यांचा वापर शस्त्रक्रियागृहांत रूढ झाला. याउलट ट्रायक्लोरोएथिलीन या द्रव्याची सोडा-चुन्याशी विक्रिया होऊन विषारी पदार्थ बनतात असे आढळल्याने ते अशा मंडलात वर्ज्य ठरले.

बाष्पीकारक : स्नो यांनी मांडलेला तापमानाचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा तीव्रपणे पुढे आला. ईथर सावकाश परिणाम करणारे असल्याने मात्रेतील चूक लक्षात येण्यास व सुधारण्यास अवधी मिळे. १९५६ मध्ये मँचेस्टर येथे मायकेल जॉन्स्टन यांनी वापरात आणलेले हॅलोथेन मात्र अत्यंत प्रभावी होते. २०° से. तापमानास त्याचे संपृक्त बाष्प सु. ३२ टक्के असते, तर भूल टिकविण्यास साधारणपणे ०·५ ते २ टक्के पुरते. साध्या बाटलीतून ते देणे धोक्याचे होते.

यासाठी दोन प्रकारच्या रचना पुढे आल्या. ल्यूसियन मॉरिस यांच्या १९५२ मधील तांब्याच्या पात्रात तांब्याच्या उष्णतासंवाहकतेमुळे द्रवाचे तापमान फारसे घटत नसे. मात्र द्यावयाचे प्रमाण गणिताने काढावे लागे. दुसऱ्या प्रकारात तापमानानुसार वाकणारी द्विधातुपट्टी बाष्पकक्षाकडे जाणारा वायूचा अंश आपोआप बदलते. त्यामुळे चक्रीवर लावलेली टक्केवारीच प्रत्यक्षात मिळते. हॅलोथेनासाठी तयार झालेला ‘फ्लुओटेक’ या प्रकारचा होता. पुढे आयसोफ्ल्यूरेन व सेव्होफ्ल्यूरेन यांसाठीही हेच तत्त्व वापरण्यात आले. सु. २३° से. तापमानासच उकळणाऱ्या डेसफ्ल्यूरेनासाठी मात्र द्रव विजेने ३९° से. पर्यंत तापविणारा वेगळा बाष्पीकारक बनवावा लागला. एका वेळी एकच बाष्पीकारक उघडता यावा यासाठी परस्परबंधक कळ आणि चुकीचा द्रव भरला जाऊ नये यासाठी प्रत्येक द्रव्याचे वेगळ्या आकाराचे भरणमुख, या सोयी त्यांत असतात.

जेथे संपीडित वायू मिळत नाहीत तेथे रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाने हवा ओढून घेणारे बाष्पीकारक उपयोगी पडतात. एप्स्टाइन व मॅकिंटॉश यांनी ऑक्सफर्ड येथे १९५० नंतरच्या दशकात तयार केलेला ईथर बाष्पीकारक लष्करी व ग्रामीण रुग्णालयांत दीर्घकाळ वापरला गेला.

कृत्रिम श्वसनयंत्र : २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रिऑल येथे ग्रिफिथ व जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी क्यूरारेचा वापर केला. स्नायू शिथिल झाले की रुग्णाचे श्वसनही मंदावते वा थांबते व ते वैद्यास पिशवी दाबून चालवावे लागते. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून सु. १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून रुग्णांचे श्वसन चालू ठेवले. या अनुभवाने यांत्रिक श्वसनयंत्रांच्या विकासास मोठी चालना मिळाली व ती शुद्धिहरण यंत्रास जोडली जाऊ लागली.

श्वसनयंत्राच्या भात्याची दिशा ही क्षुल्लक वाटणारी बाबही महत्त्वाची आहे. वरून लोंबणारा भाता, नळी निसटली तरी आपल्या वजनाने खाली येत राहतो व सर्व सुरळीत असल्याचा भास होतो. खालून वर चढणारा भाता मात्र नळी निसटताच कोसळून पडतो व दोष डोळ्यांस दिसतो. म्हणून नंतरच्या यंत्रांत दुसरी रचना श्रेयस्कर मानली गेली.

सुरक्षिततेची योजना : एका वायूचे सिलिंडर दुसऱ्याच्या जागी जोडले जाऊन मृत्यू घडल्याने केवळ रंगांवर विसंबणे पुरेसे नाही हे स्पष्ट झाले, कारण रंगसंकेत देशोदेशी भिन्न होते. ऑक्सिजनाचे सिलिंडर अमेरिकेत हिरवे, तर ब्रिटन व भारत येथे दीर्घकाळ काळे व पांढऱ्या खांद्याचे असे. १९५२ पासून खुंटी-संकेत पद्धत रूढ झाली. तीत यंत्राच्या जोडावर विशिष्ट जागी दोन खुंट्या व सिलिंडरच्या झडपेवर त्यांना जुळणारी छिद्रे असतात. ऑक्सिजनासाठी २ व ५, तर नायट्रस ऑक्साइडासाठी ३ व ५ या जागा ठरविल्याने चुकीचे सिलिंडर बसतच नाही.

दाबमापकाचे वाचनही समजून घ्यावे लागते. ऑक्सिजन वायुरूपात असल्याने सिलिंडर रिकामे होत जाते त्या प्रमाणात दाब उतरतो. नायट्रस ऑक्साइड द्रवरूपात असल्याने द्रव शिल्लक असेपर्यंत, तापमान तेच राहिल्यास, दाब जवळजवळ तेवढाच दिसतो. म्हणून किती वायू उरला हे सिलिंडरच्या वजनावरूनच कळते.

प्रवाहमापकांच्या क्रमातही धोका दडलेला होता. ऑक्सिजनाची नळी वायुप्रवाहाच्या आरंभीच्या टोकास असेल आणि पुढील एखाद्या नळीस तडा गेला असेल, तर ऑक्सिजन निसटून जातो व रुग्णास नायट्रस ऑक्साइडच अधिक मिळतो. हे एगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून ऑक्सिजन सर्वांत शेवटी, म्हणजे रुग्णाकडील बाजूस, मिसळावा हा दंडक झाला. ऑक्सिजनाची चक्री अंधारातही स्पर्शाने ओळखू यावी म्हणून ती मोठी व खोल खाचांची करतात.

ऑक्सिजन संपल्याची सूचना देणाऱ्या आरंभीच्या एका शिट्टीस विजेरी व नायट्रस ऑक्साइड यांची गरज असे. त्यामुळे विजेरी संपली की ती निरुपयोगी ठरे. पुढे केवळ ऑक्सिजनाच्या घटत्या दाबावरच वाजणाऱ्या व त्याच वेळी नायट्रस ऑक्साइड बंद करणाऱ्या योजना आल्या. काही यंत्रांत दोन्ही चक्र्या दंतचक्रांनी व साखळीने जोडून मिश्रणातील ऑक्सिजन सु. २५ टक्क्यांहून कमी होणार नाही अशी व्यवस्था असते.

तथापि या सर्व योजना दाब वा प्रवाह जाणतात; वाहणारा वायू कोणता आहे हे त्यांस कळत नाही. भिंतीतील मध्यवर्ती नलिकांची अदलाबदल झाल्यास ऑक्सिजनाच्या नळीतून दुसराच वायू योग्य दाबाने येतो व कोणतीही शिट्टी वाजत नाही. हा दोष रुग्णाकडे जाणाऱ्या मिश्रणातील ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजणाऱ्या विश्लेषकानेच उघड होतो. अशा वेळी नलिकेचा जोड काढून राखीव सिलिंडर उघडणे आवश्यक असते.

मानवी चूक आणि मानके : बॉस्टनमधील जेफ्री कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शुद्धिहरणातील टाळता येण्याजोग्या दुर्घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८२ टक्के घटनांत मानवी चूक आढळली, तर यंत्राचा उघड बिघाड केवळ १४ टक्के घटनांत होता. नळी निसटणे, वायूचा प्रवाह नकळत बदलणे व औषधाच्या पिचकाऱ्यांची अदलाबदल या चुका वारंवार घडत होत्या. चूक माणसाची असली, तरी ती सहज घडू देणारी रचना हाही दोषच होय, ही दृष्टी यानंतर दृढ झाली. अमेरिकेत १९७९ मध्ये यंत्राचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले व १९८६ मध्ये रुग्णनिरीक्षणाचे किमान नियम तेथील शुद्धिहरणतज्ज्ञांच्या संघटनेने स्वीकारले. जपानी अभियंते ताकुओ आओयागी (१९३६–२०२०) यांच्या १९७४ मधील कार्यातून साकारलेला नाडी-ऑक्सिजनमापक आणि उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडाचा मापक यांनी, रुग्ण निळा पडण्यापूर्वीच धोका कळविण्याची सोय केली.

आधुनिक यंत्र : १९८० नंतर यंत्रात सूक्ष्मप्रक्रियकांचा शिरकाव झाला. आता प्रवाह इलेक्ट्रॉनीय रीतीने नियंत्रित होतो, श्वसनयंत्र रुग्णाच्या फुप्फुसांच्या ताणानुसार काम करते व सुरू होताना यंत्र स्वतःची गळती तपासते. औषध शिरेतून देऊन भूल दिली तरी ऑक्सिजन व श्वसन यांसाठी हेच यंत्र लागते. ते विजेवर अवलंबून असल्याने राखीव विद्युत् घट आणि यंत्राशिवाय वापरता येणारी, आपोआप फुगणारी श्वसनपिशवी जवळ असणे अनिवार्य मानतात. स्वयंचलित तपासणीमुळे तज्ज्ञाची प्रत्यक्ष तपासणी टळत नाही.

शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांच्या हितासाठी वाया जाणारे वायू बाहेर नेण्याची व्यवस्था १९७० नंतर रूढ झाली. आता वातावरणाचाही विचार होऊ लागला आहे. डेसफ्ल्यूरेनाचा तापनपरिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. २,५०० पट असल्याने यूरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, वैद्यकीय दृष्ट्या अपरिहार्य प्रसंग वगळता, त्याच्या वापरास बंदी घातली. परिणामी ताज्या वायूचा प्रवाह अत्यल्प ठेवणाऱ्या वर्तुळाकार मंडलाचे महत्त्व पुन्हा वाढले आहे.

रंगीत पडदे व संगणक यांनी यंत्राचे बाह्य रूप पालटले, तरी त्याचे मूळ कार्य बदललेले नाही. खुंट्यांची जोडी, चक्रीवरील खाच, ऑक्सिजनाच्या नळीचे स्थान यांसारख्या लहान वाटणाऱ्या योजनांमागे पूर्वी घडलेल्या दुर्घटनांचा अनुभव आहे. साधनांची चणचण असलेल्या रुग्णालयात यंत्र निवडताना वा जुने यंत्र दुरुस्त करताना यांतील एखादी योजना अनावश्यक समजून वगळणे, म्हणजे तोच धोका पुन्हा ओढवून घेणे होय.